मंदाताईंचा शिक्का

मंदाताई थेटे यांच्या घरात ‘बहुतेक’ हा शब्द चालत नसे. गॅस बंद केलास का, असं त्यांनी विचारलं आणि भाची रोहिणी ‘बहुतेक केला’ म्हणाली, की त्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवत.

“बहुतेक म्हणजे नाही. जा, हात लावून ये.”

रोहिणी जायची, बटणाला हात लावायची आणि तिथूनच ओरडायची, “बंद आहे, साहेब!” इंदिरानगरमधल्या आमच्या इमारतीत त्यांचं घर तळमजल्यावर होतं. जिन्याने जाणाऱ्या प्रत्येकाला हा संवाद ऐकू येई. इमारतीतली बरीच मुलं आपल्या आयांना ‘साहेब’ म्हणायला तिथूनच शिकली.

मंदाताई ओझरच्या विमान कारखान्यात निरीक्षक होत्या. तयार झालेल्या सुट्या भागांना कुठे चीर गेली आहे का, हे पाहणं त्यांचं काम. डोळ्यांना दिसणारी चीर कुणालाही दिसते, तिच्यासाठी पगार मिळत नाही, असं त्या म्हणत. भागावर लाल रंगाचं पातळ द्रावण लावायचं, ते मुरू द्यायचं, पुसून लख्ख करायचं आणि वर पांढरी भुकटी फवारायची. चीर असेल तर तिच्यात शिरलेला रंग वर येतो आणि पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. नसेल तर पांढरं ते पांढरंच राहतं. भाग पास झाला की त्यावर निरीक्षकाचा शिक्का. शिक्का ज्याचा त्याचा, त्यावर ज्याचा त्याचा क्रमांक. तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. मंदाताईंचा शिक्का साडीवर घातलेल्या ॲप्रनच्या उजव्या खिशात असे, आणि बोलता बोलता त्यांचा हात त्या खिशावर जाई. निवृत्तीनंतर ॲप्रन गेला, तरी हात तिथे जात राहिला.

त्या मखमलाबादच्या. घरची फुलशेती. झेंडू, शेवंती, गुलाब. घरात दहावीच्या पुढे गेलेल्या त्या पहिल्या. तांत्रिक शिक्षण घेऊन कारखान्यात लागल्या तेव्हा त्या विभागात बाई नव्हती. पहिल्या दिवशी कुणी तरी अदबीने सुचवलं, बाई, तुम्ही ऑफिसात बसा. “ऑफिसात विमान येतं का?” एवढं विचारून त्या शेडमध्ये गेल्या. लग्न त्यांनी केलं नाही. का, हे विचारण्याची हिंमत कुणी केल्याचं ऐकिवात नाही. धाकटे भाऊ दामूअण्णा शेती पाहत. त्यांची मुलगी रोहिणी कॉलेजसाठी शहरात आत्याकडे राहायला आली आणि तिथलीच झाली.

भांडी बाजारातला दुकानदार मंदाताईंना लांबून ओळखत असे. पातेलं त्या कानाजवळ धरत, नखाने टिचकी मारत आणि आवाज संपेपर्यंत थांबत. मग अंगठा काठावरून फिरवत. दुकानदार म्हणे, “ताई, यात वरणच शिजवायचंय ना? उडवायचं नाही ना?” “तुम्ही आतलं आणा,” एवढंच उत्तर. तो आतलं आणायचा.

मी वर्तमानपत्रात काम करतो हे कळल्यापासून त्या मला ‘पत्रकार’ म्हणत. नाव त्यांना ठाऊक होतं, वापरत नसत. सकाळी दुधाच्या पिशव्या घ्यायला खाली उतरलं की दारातून आवाज यायचा, “काय पत्रकार, पान तीनवर ‘असल्याचे समजते’ लिहिलंय. कुणाला समजलं? तुम्हाला की शेजाऱ्याला?” मी पिशव्या उचलून जिना चढू लागे.

कारखान्यातली एक पद्धत त्या वारंवार सांगत. तिच्यावर पुढचं सगळं उभं आहे. चाचणीचं उड्डाण करून वैमानिक खाली उतरला आणि म्हणाला, वळताना काही तरी खरखर जाणवली, तर त्याची तक्रार लिहून घेतात. मग जमिनीवर सगळं उघडून तपासतात. पुष्कळदा काही सापडत नाही. तरी तक्रार खोडत नाहीत. तिच्याखाली ‘दोष आढळला नाही’ असं लिहितात. दोन्ही वाक्यं एकाखाली एक राहतात आणि पुढच्या वेळी तपासणारा दोन्ही वाचतो.

“वर कोण होतं? तो होता,” मंदाताई म्हणत. “आपण खाली चहा पीत होतो. त्याला जाणवलं ते खोटं, असं म्हणायचा आपल्याला अधिकार काय?”

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मंदाताईंच्या निवृत्तीला थोडा अवधी उरला होता, तेव्हाची गोष्ट. त्यांच्या टेबलावरून पुढे गेलेला एक भाग हाताखालच्या माणसाने परत आणला. शिक्का आतल्या कडेला मारायची त्यांची पद्धत होती. या भागावर तो आतल्या कडेला होता आणि बाहेरच्या कडेलाही होता. दोन्ही शिक्के त्यांचेच.

शेडमध्ये हशा पिकला. “मंदाताईंनी डबल चेक केलं!” “ताई, दोन पगार घ्या आता.” भागात दोष नव्हता. तक्रार करण्यासारखं कुणालाच काही नव्हतं. मंदाताई हसल्या नाहीत. त्यांनी तो भाग खिडकीच्या उजेडात नेला आणि उलटसुलट करून पाहिला. आपण तो एकदा तपासला हे त्यांना आठवत होतं. दुसऱ्यांदा तपासल्याचं आठवत होतं की पहिल्यांदा, ते मात्र सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी त्या विभागप्रमुखांकडे गेल्या आणि शिक्का टेबलावर ठेवला. पुढचा संवाद त्यांनी नंतर इतक्यांदा सांगितला की तो इमारतीत सगळ्यांना पाठ होता.

“दोनदा तपासलंत, ते चांगलंच की, मंदाताई.”

“साहेब, एकदा तपासलेलं आठवलं नाही म्हणून दोनदा तपासलं गेलं. उद्या न तपासलेलं तपासलं असं आठवेल.”

“अहो, वय होतं प्रत्येकाचं. राहिलंय किती आता? कशाला बोलून दाखवायचं?”

“शिक्का माझा आहे. विमान दुसऱ्याचं आहे.”

त्या माणसाने समजूतदारपणा दाखवला. मंदाताईंना नव्या मुलांना शिकवण्याचं काम मिळालं. निवृत्तीपर्यंत त्यांनी ते केलं, मुलांना भरपूर रडवलं आणि शिक्क्याला पुन्हा हात लावला नाही. कारखान्याच्या बसमधल्या बायकांत कुजबुज झाली, की थेटेबाईंची काही तरी चौकशी चालू असणार, उगाच कोण शिक्का देतं. मंदाताईंनी बस ओझरहून निघाल्यावर उभं राहून सांगितलं, “चौकशी मीच लावलीय. माझीच. निकाल लागला की सांगते.”

चौकशीचं पहिलं ठिकाण गंगापूर रोडवरचा दवाखाना. मेंदूविकारांचे तरुण डॉक्टर, नुकतेच शहरात आलेले. बरोबर रोहिणी होती, म्हणून हे तपशील खात्रीचे आहेत. डॉक्टरांनी तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. मंदाताईंनी ते सांगितले. शंभरातून सात, पुन्हा सात, पुन्हा सात वजा करायला लावले. डॉक्टर थांबा म्हणाले त्याच्याही पुढे जाऊन त्या थांबल्या. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तर त्यांनी काटे काढून वर मिनिटांच्या रेघाही ओढल्या. रक्त तपासलं. एक जीवनसत्त्व कमी निघालं. त्याची इंजेक्शनं झाली. हातापायांतल्या मुंग्या गेल्या आणि चालण्यात जोर आला. पण भाजी फोडणीला टाकून आपण मीठ घातलं का, हा प्रश्न गेला नाही.

“मावशी, तुम्ही पूर्ण पास आहात,” डॉक्टर म्हणाले.

“मी पास व्हायला आले नव्हते. आणि मी तुमची मावशी नाही.”

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. त्या काळी पुष्कळ जण असंच समजावत. ज्यांना स्मृतिभ्रंशाचा हा आजार खरोखर होतो, ते आपणहून येत नाहीत. त्यांना घरची माणसं घेऊन येतात. त्यांना स्वतःला काही कळतच नसतं. तुम्ही स्वतः आलात, तक्रार सांगितलीत, हीच तुम्ही ठीक असल्याची खूण आहे.

मंदाताईंनी हे नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे मी यायची बंद झाले, की तुम्ही मला तपासणार?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, असं रोहिणी सांगते. मंदाताईंनी त्यांना वैमानिकाची गोष्ट सांगितली. खरखर, तक्रार आणि खाली ‘दोष आढळला नाही’. आणि म्हणाल्या, “माझ्या डोक्यात मी बसलेय, डॉक्टर. तुम्ही खाली आहात. मी सांगते ते आधी लिहा. तुम्हाला काही सापडलं नाही, ते खाली लिहा. आणि मी किती गुण मिळवले तेही लिहा. पुढच्या वर्षी मी परत येते.”

“दर वर्षी?”

“दिवाळी झाली की. फुलांचा हंगाम संपतो, भाऊ मोकळा असतो, सोडायला येईल.”

इथे डॉक्टरांच्या बाजूनेही सांगायला हवं. विसरायला होतं असं सांगणाऱ्या प्रत्येकाला हा आजार नसतो, बहुतेकांना नसतोच, हे ते तेव्हाही सांगत आणि आजही सांगतात. थायरॉइड असतं, झोप नसते, मनावर ओझं असतं. मंदाताईंनाही हे मान्य होतं. फक्त ‘बहुतेकांना’ या शब्दावर त्यांनी भुवई उंचावली होती. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की तक्रार खोडू नका.

त्यांच्या या हट्टामागे एक कारण होतं. त्यांची आई. मखमलाबादच्या घरी ओट्यावर बसून ती आयुष्यभर हार ओवत आली. शेवटच्या वर्षांत तिच्या सुईदोऱ्यात फूल नसे. ती नुसता दोरा ओढत राही, संपला की गाठ मारी आणि हार झाला म्हणून बाजूला ठेवी. घरच्यांना वाटे, म्हातारी नाद करतेय. पण त्याच्या कितीतरी आधी, धडधाकट असताना, आईने मंदाताईंना म्हटलं होतं, “मंदे, माझ्या डोक्यातून काय तरी सांडतंय गं.” मंदाताई तेव्हा कारखान्याच्या बसच्या गडबडीत होत्या. ‘वय झालं, आई’ असं म्हणून त्या गेल्या. हे त्यांनी एकदाच सांगितलं, कोरड्या आवाजात, आणि पुढे म्हणाल्या, “आईची तक्रार मी खोडली. माझी कुणाला खोडू देणार नाही.”

दामूअण्णांना हे सगळं नको होतं. साधा, कष्टाळू माणूस. बहिणीला त्याने कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. पण रोहिणीला स्थळं येऊ लागली होती.

“आक्के, तुला काय बी झालेलं नाय,” ते म्हणाले. सोबत आणलेल्या शेवंतीची टोपली अजून दारातच होती. “हिशेब पोरांपेक्षा चांगला करतीस. अन् गावभर सांगत फिरतीस का मला येड लागणार हाय?”

“वेड नाही. आजार आहे. होईल किंवा होणार नाही.”

“मंग होऊ दे, तवा बघू. पोरीच्या लग्नात कशाला काढायचं? लोक म्हणतील, थेट्यांच्या रक्तातच हाय.”

“असेल रक्तात. दाम्या, तू झेंडू विकताना खालची किडकी फुलं झाकतोस का?”

“समदेच झाकतात.”

“तू?”

दामूअण्णांनी दारातली टोपली उचलून आत ठेवली. ते झाकत नसत, हे मार्केटात सगळ्यांना माहीत होतं.

स्थळ आलं ते चांगल्या घरचं होतं. मुलगा बँकेत. बैठक मंदाताईंकडेच होती. पोहे झाले, चहा झाला, मुलाच्या आईने घर नीट बघून घेतलं. मग मंदाताईंनी सरळ सांगितलं. आमची आई शेवटी कुणाला ओळखत नव्हती. मला विसरायला होतंय आणि मी दर वर्षी डॉक्टरकडे जाते. रोहिणीला काही होईलच असं नाही. पण तुम्ही विचारलं नाही म्हणून आम्ही सांगितलं नाही, असं नको. दामूअण्णा खिडकीबाहेर पाहत राहिले. मुलाची आई म्हणाली, “कळवतो हं.” कळवलं नाही.

दामूअण्णा त्या दिवशी न जेवता गावी गेले. मंदाताईंनी रोहिणीला विचारलं, “रागावलीस?” रोहिणी कपबशा विसळत होती. ती म्हणाली, “आत्या, तुझ्या भाषेत सांगू? रंग लावला, पुसला, रेघ वर आली. बरं झालं लग्नाआधी आली.” मंदाताई इतक्या मोठ्याने हसल्या की वरच्या मजल्यावर ऐकू आलं. पुढे रोहिणीचं लग्न झालं, एका शाळामास्तराशी. हीच गोष्ट त्याला सांगितली तेव्हा त्याने विचारलं होतं, “मग आत्या आपल्याकडेच राहतील ना?” शेवटी ती दोघंच आत्याच्या घरी राहायला आली.

नवं शतक सुरू होऊन थोडी वर्षं झाली होती. आमच्या रविवारच्या पुरवणीत या आजारावर मजकूर घ्यायचं ठरलं. मी मंदाताईंशी बोललो. त्यांची अट एकच होती. नाव छापायचं. मी तसं लिहून दिलं. संपादनाच्या टेबलावर मात्र नेहमीच्या रीतीने काम झालं. आजाराच्या मजकुरात माणसाचं नाव बदलायचं आणि शेवटी कंसात ‘नाव बदलले आहे’ असं टाकायचं, ही पद्धत. रविवारी पुरवणीत मंदाताईंच्या जागी कुणी सुलभाताई अवतरल्या.

सोमवारी मंदाताई कार्यालयात आल्या. रिक्षाने. लुना चालवणं त्यांनी तोवर सोडलं होतं. मुंबई नाक्याच्या सर्कलवर एकदा क्षणभर कुठे वळायचं ते कळेना, तेव्हा घरी येऊन त्यांनी किल्ली रोहिणीच्या हातात दिली आणि परत मागितली नाही. संपादकांसमोर त्यांनी अंक ठेवला.

“ही सुलभा कोण?”

संपादकांनी पद्धत समजावली. तुमच्याच भल्यासाठी. लोक नावं ठेवतात. ओळख झाकलेली बरी.

“चोर पकडला की त्याचं नाव छापता. मी काय केलंय?”

“तसं नाही, ताई. हा आजार म्हणजे…”

“आजार म्हणजे काय? मी लपले तर बाकीचे कुठून बाहेर येणार? माझं नाव मला अजून आठवतंय. आठवतंय तोवर छापा.”

मंगळवारच्या अंकात शुद्धिपत्र आलं. रविवारच्या पुरवणीतील मजकुरात सुलभाताई असा उल्लेख झालेल्या महिलेचे नाव मंदाकिनी थेटे असून त्या इंदिरानगर येथे राहतात, असं त्यात होतं. नाव उघड करण्यासाठी शुद्धिपत्र दिल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. मंदाताईंनी ते कापून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं आणि मला म्हणाल्या, “एवढ्या वर्षांत तुमच्या पेपरात पहिल्यांदा ‘समजते’ नव्हतं.”

त्यानंतर माणसं येऊ लागली. इमारतीच्या फाटकाशी घुटमळत, थेटेबाई इथेच का, असं हलक्या आवाजात विचारत. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी दुकान सांभाळणारी बाई. सगळ्यांची गोष्ट साधारण सारखी. मला काही तरी होतंय आणि घरचे हसतात. मंदाताई त्यांना पाणी देत आणि सगळं ऐकून घेत. उपदेश करत नसत. शेवटी एवढंच सांगत, “डॉक्टरला सांगा आणि लिहायला लावा.” दवाखान्यातून त्यांना कळत राही. दुकानवालीचं थायरॉइड निघालं आणि गोळीने ती बरी झाली. शिक्षकांना काहीच नव्हतं. बायको गेल्यापासून ते कुणाशी बोलत नव्हते, एवढंच. कुणी म्हणालं, मंदाताई, उगाच घाबरवलंत त्यांना. त्या म्हणाल्या, “दोष आढळला नाही, हाही निकालच असतो. पण तो तपासल्यावर लिहायचा असतो.”

दिवाळीनंतरच्या फेऱ्या चालू होत्या. डॉक्टर आता त्यांना मंदाताई म्हणत. कधी तरी त्यांनी जुने कागद टेबलावर ओळीने मांडले. तोवर घरात कुणालाही काही वेगळं जाणवलेलं नव्हतं. रोहिणीलासुद्धा नाही.

“तुमच्या वयाच्या मानाने अजून चांगलंच आहे,” डॉक्टर म्हणाले.

“वयाचं सोडा. माझ्या पहिल्या वर्षाच्या मानाने सांगा.”

डॉक्टरांनी पहिला कागद शेवटच्या कागदाशेजारी ठेवला. “खाली आलंय. हळूहळू. पण दर वेळी.”

“मग मी सांगत होते ते?”

“बरोबर सांगत होता. त्या वेळी माझ्याकडे ते दिसायची सोय नव्हती.”

रोहिणी सांगते, की आत्या दवाखान्यातून ताठ मानेने बाहेर आली. रडली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, “चीर सापडली एकदाची. आता कामाला लागू.”

काम म्हणजे ठरवणं. अजून ठरवता येतंय तोवर. पुढच्या वेळी त्यांनी दामूअण्णांना आणि रोहिणीला डॉक्टरांसमोर बसवलं आणि एकेक गोष्ट सांगितली. माझं गॅस वापरणं कधी बंद करायचं, ते मी आज ठरवते. त्या दिवशी मी भांडेन, माझं ऐकायचं नाही. मला कोंडून ठेवायचं नाही. माझ्याशी खोटं बोलायचं नाही. आई कुठे आहे असं मी विचारलं तर ती बाजारात गेलीय असं सांगायचं नाही. दामूअण्णा डोळे पुसत होते. “रडतोस काय, दाम्या? मी अजून इथेच आहे. रडायचं ते नंतर रड, मला कळणार नाही तेव्हा.” यावर दामूअण्णाच हसले.

शेवटची सूचना सगळ्यांसाठी होती आणि ती त्यांनी इमारतीत दारोदार जाऊन दिली. “कुणी यायचं तर नाव सांगून आत यायचं. ‘ओळखा पाहू मी कोण’ हा खेळ माझ्याशी खेळायचा नाही. माझी परीक्षा घ्यायला माझा डॉक्टर आहे.”

इमारतीने ही सूचना पाळली. काही वर्षांनी तिची गरज लागली, तेव्हा मुलंसुद्धा दारात उभी राहून मोठ्याने नाव सांगत, कारखान्याच्या फाटकावर सांगावं तसं. मी दारात जाऊन म्हणे, “मी वरच्या मजल्यावरचा पत्रकार.” त्या म्हणत, “या.” कधी पुढे ‘समजते’वाला टोमणा येई, कधी येत नसे. गॅसच्या बाबतीत त्या ठरल्याप्रमाणे भांडल्या. रोहिणीने ठरल्याप्रमाणे ऐकलं नाही. त्या दिवशी रोहिणी जिन्यात बसून होती. विचारलं तर म्हणाली, “साहेबांचाच हुकूम आहे.”

शेवटची नीट भेट दवाखान्यात झाली. दिवाळी होऊन गेली होती. रोहिणी तोवर कॉलेजात नोकरीला होती आणि त्या दिवशी तिला तिथे काम होतं, म्हणून मंदाताईंना घेऊन मी गेलो. त्या वेळी त्यांना माझं नाव येत नव्हतं आणि रोहिणीचं कधी येई, कधी नाही. बाकावर त्या ताठ बसल्या होत्या. पाण्याचा स्टीलचा पेला दिला, तर पाणी पिऊन त्यांनी तो उलटा केला, काठावरून अंगठा फिरवला आणि माझ्या हातात परत दिला. पास की नापास, ते सांगितलं नाही.

समोर एक गृहस्थ होते. साठी ओलांडलेले, इस्त्रीचा शर्ट, सोबत मुलगा. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, काय त्रास आहे. गृहस्थांनी तोंड उघडलं, “मला जरा विसरायला…”

“काही नाही हो,” मुलगा मध्येच म्हणाला. “वय झालंय, पेपरात काहीबाही वाचतात आणि डोक्यात घेतात. बाबा, तुम्ही बसा, मी सांगतो.”

गृहस्थ बसले.

मंदाताईंचा हात उजव्या बाजूला, खिसा असायचा तिथे गेला. मग त्या उठल्या. मी धरायच्या आत त्या काउंटरपाशी पोचल्या होत्या. त्यांनी तळहात टेबलावर आपटला. काउंटरवरची मुलगी दचकली. आतल्या दाराशी डॉक्टर येऊन उभे राहिले.

“यांना बोलू द्या,” मंदाताई म्हणाल्या. आवाज कारखान्यातला होता. “हे सांगतील ते आधी लिहा.”

मुलगा म्हणाला, “आजी, तुम्ही कोण?”

मंदाताईंनी त्याच्याकडे पाहिलं. उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं, आणि ते नाही याची त्यांना पर्वा नव्हती. त्या गृहस्थांकडे वळल्या, बोट काउंटरवरच्या कागदावर टेकवलं आणि थांबल्या.

गृहस्थ उठून उभे राहिले. डॉक्टरांनी काउंटरवरच्या मुलीच्या हातातलं पेन स्वतः घेतलं आणि म्हणाले, “सांगा.”